काउंटीचे कोर्टहाऊस : न्यायालय नव्हे, कचेरी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नुकताच टेक्सासच्या प्रवासावरील एक लेख वाचला. त्यात वॉक्सहॅची या गावच्या एलिस काउंटी कोर्टहाऊसचे सुंदर छायाचित्र होते आणि त्याखाली 'जिल्हा न्यायालयाची राजवाड्यासारखी इमारत' अशी ओळ होती. लेखिकेने गाव आपुलकीने पाहिले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु 'काउंटी' म्हणजे जिल्हा आणि 'कोर्टहाऊस' म्हणजे न्यायालय असे भाषांतर एकदा केले की ही इमारत गावाच्या मधोमध का बांधली, एवढ्या थाटाची का बांधली आणि पडायला आली तेव्हा लोक तिच्यासाठी एवढे कळवळले का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वाचकाला मिळत नाही. मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे टेक्सासच्या कॉलिन काउंटीत राहते आणि त्याआधी काही वर्षे सातारा जिल्ह्यात दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी केली आहे. त्यामुळे या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

आधी काउंटीविषयी. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत, अमेरिकेच्या कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. सरासरीने पाहिले तर येथील काउंटी क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या सुमारे एक तृतीयांश भरते. पण फरक आकाराचा कमी आणि कारभाराचा अधिक आहे. आपल्याकडे जिल्हाधिकारी राज्यशासन नेमते. येथे काउंटीला वरून नेमलेला असा कोणी प्रमुख नाही. चार भागांतून निवडून आलेले चार कमिशनर आणि सगळ्या काउंटीने निवडलेला एक 'काउंटी जज' मिळून जे मंडळ होते, त्याला 'कमिशनर्स कोर्ट' म्हणतात. नावात कोर्ट असले तरी हे मंडळ मुख्यतः अंदाजपत्रक, कराचे दर, रस्ते, तुरुंग अशी कामे पाहते. काउंटी जज वकील असावा अशीही अट नाही. राज्याच्या कायद्याची त्याला चांगली माहिती असावी, एवढीच टेक्सासच्या राज्यघटनेची अपेक्षा आहे. दस्त सांभाळणारा काउंटी क्लार्क, कायदा-सुव्यवस्था पाहणारा शेरीफ आणि करवसुली अधिकारी हेही सगळे निवडून आलेले असतात. या सर्वांना पिढ्यान्पिढ्या एकाच छपराखाली जागा देणारी वास्तू म्हणजे कोर्टहाऊस. खटले तेथे चालत, पण खटला ज्याच्यावर कधीच चालला नाही त्या माणसालाही आयुष्यात दहा वेळा तेथे जावे लागे. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, आणि तो म्हणजे कचेरी. मामलेदार कचेरीत वसुलीही होती आणि निवाडाही होता. मुंबई इलाख्यात १९०६ साली मामलेदारांच्या न्यायालयांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता, हे आजही महसूल खात्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. तेव्हा कोर्टहाऊसला कचेरी म्हणण्यात आपण काही ओढूनताणून करत नाही.

आम्ही घर घेतले तेव्हा खरेदीखताची नोंद काउंटी क्लार्कच्या कार्यालयात झाली आणि माझ्यातली जुनी कारकून जागी झाली. येथे सातबारा नाही. जमीन कोणाची हे सांगणारा शासनाचा एकच एक उतारा नाही. आहेत ती फक्त दस्तांची पुस्तके आणि त्यांच्या दोन सूची, एक देणाऱ्यांच्या नावांची आणि दुसरी घेणाऱ्यांच्या नावांची. आज ज्याचे घर आहे त्याने ते कोणाकडून घेतले, त्याने कोणाकडून, असे एकेक नाव मागे शोधत थेट मूळ सनदेपर्यंत जायचे, ही येथली पद्धत आहे. जुन्या काळी प्रत्येक खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र, एवढेच काय, जनावरांवर डागायच्या खुणासुद्धा, कारकून हाताने जाडजूड बांधीव पुस्तकांत उतरवून घेत असत आणि दस्तावर पुस्तकाचा व पानाचा क्रमांक घालत. एका लहान काउंटीच्या दफ्तरखान्यात असे पुस्तक मी उघडून पाहिले आहे. ते एका हाताने उचलता येत नाही. खाली लोखंडी रुळांची फळी असते, तिच्यावरून ते ओढून घ्यायचे. आत तपकिरी पडलेली शाई, एका कारकुनाचे तिरपे मोडीसारखे सलग अक्षर, आणि मध्येच एका पानापासून दुसऱ्याच कोणाचे सरळ, टपोरे अक्षर. पहिला नोकरी सोडून गेला की देवाघरी, कोण जाणे. साताऱ्यात सूची क्रमांक दोन शोधताना हेच पाहिले होते.

दस्त जेथे असतील तेथे माणसाला जाता आले पाहिजे, या एका गरजेतून टेक्सासच्या नकाशावरच्या रेषा उमटल्या. १८३६ साली टेक्सास मेक्सिकोपासून वेगळे झाले तेव्हा मेक्सिकन अमलातील नगरपालिकांच्या २३ काउंट्या झाल्या. पुढे वस्ती पश्चिमेला सरकत गेली तशा मोठ्या काउंट्या फुटून लहान झाल्या. १८७६ च्या राज्यघटनेने याला शिस्त लावली. मोकळ्या मुलखात नवी काउंटी करायची तर ती ९०० चौरस मैलांपेक्षा लहान नसावी आणि शक्यतो चौकोनी असावी, असे तिने ठरवले. ९०० चौरस मैलांचा चौकोन म्हणजे तीस मैलांची बाजू. कचेरी मध्यावर धरली तर समोरच्या सीमेवरचा शेतकरी तिच्यापासून पंधरा मैलांवर असतो. तेवढे अंतर घोड्यावरून कापून, काम उरकून, अंधार पडायच्या सुमारास घरी परतता येते. त्याच वर्षी विधिमंडळाने पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या जवळजवळ निर्जन माळावर एकदम ५४ काउंट्या आखल्या. नकाशाचा तो भाग आजही चौकटीच्या वहीसारखा दिसतो. बहुतेक ठिकाणी माणसे यायच्या आधीच काउंटीला नाव आणि हद्द मिळाली होती. कारभार मात्र पुरेशी वस्ती झाल्यावर सुरू झाला.

कचेरीचे गाव मध्यावरच असावे याविषयी तर घटनेत गणितच घातले आहे. मध्यबिंदूपासून पाच मैलांपेक्षा दूर असलेले ठाणे, म्हणजे कचेरीचे गाव, त्या पाच मैलांच्या आत आणायचे असेल तर मतदारांचे साधे बहुमत पुरते. एरवी ठाणे हलवायला दोन तृतीयांश मते लागतात. आमच्या कॉलिन काउंटीचा जन्म या घटनेच्या आधीचा, १८४६ चा. तिचे पहिले ठाणे बकनर नावाच्या वस्तीत होते. परंतु तेव्हाच्या अटीप्रमाणे ते मध्यापासून तीन मैलांच्या आत बसत नाही असे निघाले आणि १८४८ साली ठाणे मॅकिनीला आले. बकनर आज गाव म्हणून उरलेले नाही. काउंटीचे कॉलिन आणि गावाचे मॅकिनी ही दोन्ही नावे एकाच गृहस्थांची आहेत. टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत वयाने सर्वांत थोर असलेले कॉलिन मॅकिनी ते हेच. आमच्या भागातील कित्येक मराठी कुटुंबे फ्रिस्को, प्लेनो, ॲलन एवढीच नावे सांगतात, काउंटीचे नाव घरपट्टीच्या बिलावर येते तेव्हाच त्यांना आठवते. म्हणून हे मुद्दाम लिहिले.

ठाणे गेले की गावाचे काय होते, हे पाहायला बकनर एकटे नाही. पश्चिमेकडील क्रॉस्बी काउंटीचे ठाणे आधी एस्टाकाडोला होते, १८९१ मध्ये ते एमाला गेले आणि १९११ मध्ये, रेल्वे एमाला टाळून गेल्यावर, क्रॉस्बीटनला. एमा गाव संपले. समुद्रकाठचे इंडियानोला हे कॅल्हून काउंटीचे भरभराटीचे बंदर १८७५ च्या वादळात मोडले, १८८६ च्या वादळात पुरते गेले आणि कचेरी पोर्ट लव्हाकाला हलली. कधी भांडणातून उलटेही घडले. प्रेसिडिओ काउंटीचे ठाणे १८८५ साली फोर्ट डेव्हिसहून मार्फाला गेले, तेव्हा नाराज झालेल्या फोर्ट डेव्हिसकरांना दोन वर्षांत स्वतःची जेफ डेव्हिस काउंटीच मिळाली. कचेरी असणे म्हणजे वकील, खानावळी, घोड्यांचे तबेले, छापखाना, बाजार. ती जाणे म्हणजे हे सारे जाणे. म्हणूनच ज्या गावाकडे ठाणे होते ते गाव पहिली संधी मिळताच लाकडी कचेरी पाडून दगडी बांधायला घेत असे, कारण दगडी इमारत कोणी उचलून नेत नाही.

ही संधी १८८१ च्या कायद्याने दिली. कचेरी बांधण्यासाठी काउंट्यांना कर्जरोखे काढण्याची मुभा मिळाली आणि पुढच्या वीस वर्षांत टेक्सासभर घुमट, मनोरे आणि घड्याळे उभी राहिली. एलिस काउंटीची कचेरी त्यांपैकीच, १८९७ साली पूर्ण झालेली. तिचे वास्तुविशारद जेम्स रायली गॉर्डन. त्यांनी बांधलेल्या कचेऱ्यांपैकी डझनभर तरी अजून उभ्या आहेत. बांधकामाला गुलाबी ग्रॅनाइट आणि तांबडा वालुकाश्म वापरला असून पैसा कापसाचा आहे. त्या काळी एलिस काउंटी देशातील आघाडीच्या कापूस पिकवणाऱ्या काउंट्यांत होती.

गेल्या वर्षी माझे थोरले बंधू सांगलीहून आले होते, त्यांना मी तेथे घेऊन गेले. ऑगस्टची दुपार होती आणि गाडीतून उतरताच झळ लागत होती. दादा इमारतीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "अगं, हिला पुढची बाजू कुठली?" प्रश्न अगदी बरोबर होता. गॉर्डन यांच्या या कचेऱ्यांचा आराखडा अधिकाच्या चिन्हासारखा असतो आणि प्रवेश चारी कोनांतल्या ओवऱ्यांतून असतो. चौकाच्या कोणत्याही रस्त्याने आलेल्या माणसाला कचेरी सारखीच सामोरी येते. मध्यभागी मनोऱ्याखालचा भाग मोकळा ठेवून त्याच्याभोवती जिना फिरवायचा, म्हणजे गरम हवा मनोऱ्यातून वर निघून जाते आणि सावलीतल्या ओवऱ्यांतून गार हवा आत ओढली जाते, ही त्यांची युक्ती. विजेचे पंखे सर्रास नव्हते त्या दिवसांत टेक्सासच्या उन्हाळ्यात शेकडो माणसे बसवायची तर इमारतीनेच श्वास घेतला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. दादांनी हयात पाटबंधारे खात्यात काढली. ते जिन्यापाशी मान वर करून बराच वेळ उभे राहिले.

ओवरीच्या खांबांवर कोरलेल्या चेहऱ्यांची जी प्रेमकथा आपल्या लेखात आली आहे, तिच्याविषयीही लिहिले पाहिजे. गावातल्या मुलीने झिडकारल्यावर पाथरवटाने तिचाच चेहरा उत्तरोत्तर विद्रूप कोरला, ही गोष्ट तेथे आवडीने सांगतात. परंतु ते कोरीव दगड डॅलसमधल्या कारखान्यात घडून रेल्वेने आले होते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, आणि असे वेडेवाकडे मुखवटे त्या वास्तुशैलीत सर्वत्र आढळतात. एका मुलीच्या नावावर सव्वाशे वर्षे ही गोष्ट चिकटून राहावी, हे मला बरे वाटत नाही.

कचेरीच्या आवारात घडलेले सारेच अभिमानाचे नाही, आणि प्रवासवर्णनांत ते बहुधा गळते. कित्येक कोर्टहाऊसच्या मोठ्या दालनात वरती सज्जा दिसतो. कृष्णवर्णीयांनी खाली बसायचे नाही, तेथे बसायचे, असा रिवाज होता. आमच्या शेजारच्या ग्रेसन काउंटीत, शर्मन गावी, ९ मे १९३० रोजी जॉर्ज ह्यूज या कृष्णवर्णीय मजुरावर खटला चालू होता. गोऱ्या स्त्रीवर अत्याचार केल्याचा आरोप होता. जमाव चालून आला तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला बचावासाठी दफ्तराच्या पोलादी खोलीत बंद केले. जमावाने कचेरीच पेटवून दिली. आग विझल्यावर खोली फोडली तेव्हा तो आत मरून पडलेला होता. त्याच्या मृतदेहाची विटंबना झाली आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली दुकाने जाळली गेली. गावात लष्करी कायदा पुकारावा लागला. शर्मनला आज दिसते ती कचेरी १९३६ ची आहे. तिची आधीची इमारत का नाही, हे विचारल्याशिवाय त्या चौकातून पुढे जाऊ नये असे मला वाटते. कागदांना आगीपासून वाचवण्यासाठी बांधलेल्या खोलीत एक माणूस मेला, हे मी विसरू शकत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या इमारतींचे दिवस फिरले. वातानुकूलन आले तशी मोकळी मधली जागा बुजवून खोल्या काढल्या, उंच छतांखाली खोटी छते आली, लाकडी खिडक्या जाऊन ॲल्युमिनियमच्या बसल्या, गळणारे मनोरे दुरुस्त करण्याऐवजी उतरवले गेले आणि काही कचेऱ्या तर सरळ पाडल्या. लोकांना खडबडून जागे केले ते हिल काउंटीच्या आगीने. हिल्सबरोची १८९० ची कचेरी १ जानेवारी १९९३ रोजी जळाली आणि मनोरा कोसळला. त्याच काउंटीत जन्मलेले गायक विली नेल्सन यांनी मदतीसाठी कार्यक्रम केला, लोकांनी पैसे दिले आणि १९९९ मध्ये कचेरी पुन्हा उभी राहिली. १९९८ साली राष्ट्रीय वारसा संस्थेने टेक्सासच्या कोर्टहाऊसना देशातील सर्वाधिक धोक्यातील वास्तूंच्या यादीत घातले. पुढच्याच वर्षी, जॉर्ज बुश गव्हर्नर असताना, विधिमंडळाने जतनासाठी अनुदानाची योजना आणली. राज्य सारा खर्च देत नाही. काउंटीला आपला वाटा उभा करावा लागतो, आधी सविस्तर आराखडा सादर करावा लागतो आणि पुढेही वास्तू जपण्याचे बंधन लिहून द्यावे लागते. सत्तरहून अधिक कचेऱ्या आजवर या मार्गाने पूर्ववत झाल्या आहेत. ऑल्बनी गावची शॅकलफर्ड काउंटीची चुनखडी दगडाची कचेरी त्यांतली पहिली.

मेसन काउंटीचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. गुरांच्या चोऱ्यांवरून तेथे १८७५ च्या सुमारास रक्तरंजित वैर पेटले होते. जानेवारी १८७७ मध्ये तेथली कचेरी जळाली आणि त्या वैराचे कागद तिच्याबरोबर गेले. कोणी कोणाविरुद्ध काय साक्ष दिली, हे आता कोणालाच तपासता येत नाही. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच गावची विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली कचेरी कोणीतरी लावलेल्या आगीत भस्मसात झाली. दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. पण जीर्णोद्धाराचे काम सुरू व्हायचे असल्याने सारे दफ्तर आधीच दुसरीकडे हलवले होते. दस्त वाचले, म्हणून काउंटीचा कारभार थांबला नाही. पुढे त्याच भिंतींच्या आधाराने कचेरीही उभी राहिली.

आमच्या मॅकिनीच्या चौकातल्या जुन्या कोर्टहाऊसमध्ये आता नाटके आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. काउंटीचा कारभार १९७९ मध्येच तेथून हलला. २०२० च्या जनगणनेत कॉलिन काउंटीची लोकसंख्या दहा लाखांवर गेली आहे. एवढ्या माणसांची कामे त्या इमारतीत मावणे शक्यच नव्हते. त्याच जनगणनेत पश्चिमेकडील लव्हिंग काउंटीत ६४ माणसे मोजली गेली. तिलाही मेंटोन गावी १९३५ ची स्वतःची कचेरी आहे, क्लार्क आहे, शेरीफ आहे. दोन्ही काउंट्यांना राज्यघटना एकच. नव्या न्यायालयात ज्युरीच्या कामासाठी मला एकदा बोलावणे आले होते. इमारत स्वच्छ, प्रशस्त आणि सोयीची आहे. वाहनतळ मोठा आहे. मात्र दस्त नोंदवायला आलेला, वाहनाचा कर भरायला आलेला, लग्नाचा परवाना काढायला आलेला आणि साक्षीला आलेला माणूस आता एकमेकांना जिन्यात भेटत नाहीत.

आपणास दोन विनंत्या आहेत. पुढे कधी अशा वास्तूविषयी मजकूर आला तर कोर्टहाऊससाठी 'काउंटी कचेरी' हा शब्द वापरावा, आणि काउंटीचे 'जिल्हा' करू नये, काउंटीच ठेवावे. दुसरी विनंती परदेशस्थ वाचकांना आपल्यामार्फत आहे. ऑक्टोबरात घरपट्टीचे बिल येते आणि ३१ जानेवारीच्या आत ते भरायचे असते, तेव्हा एकदा काउंटी क्लार्कच्या सूचीत आपल्या घराचा दस्त शोधून पाहावा आणि तेथून एकेक नाव मागे जावे. माझ्या घराखालची जमीन शोधत मी गेले तेव्हा १९१४ च्या एका गहाणखतापाशी येऊन थांबले. गहाण ठेवणाऱ्या बाईंना सही येत नव्हती. त्यांच्या नावापुढे फुली आहे आणि ती त्यांचीच असल्याची दोन साक्षीदारांची नोंद आहे. अंगठ्याऐवजी फुली, एवढाच काय तो फरक. त्याखाली कारकुनाने पुस्तक, पान आणि वेळ लिहिली आहे : सकाळचे साडेदहा.

आपली विश्वासू,
एक वाचक
मॅकिनी, टेक्सास